राहू दे, असं कोण म्हणालं?

सुमन गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात एका पेशंटचा दंड होता. सकाळचे साडेदहा, रक्त तपासायला आलेल्यांची रांग पार जिन्यापर्यंत, आणि एप्रनच्या खिशात मोबाइल सारखा थरथरतोय. तिसऱ्यांदा थरथरला तेव्हा घेतला. आमची हंसाबेन होती. एरवी ती फोनवर आधी पाच मिनिटं स्वतःच्या गुडघ्यांबद्दल बोलते. त्या दिवशी एवढंच म्हणाली, "वंदना, सुमन गेली गं. चा पिऊन मशीनवर बसली, ती तशीच..." सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो माझ्या ब्लाउजचा. पुतणीच्या लग्नासाठी शिवायला टाकलेला मोरपंखी ब्लाउज तिच्याकडे होता, तो आता कोण पुरा करणार? मग मी समोरच्या आजोबांच्या दंडाला पट्टा बांधला, रक्त काढलं, नळीवर नाव लिहिलं, पुढच्या माणसाला बसवलं. चार-पाच जण झाल्यावर हात थांबले. रडू मात्र आलं नाही. दीड महिना झाला, अजून नीट आलेलं नाही. त्याचं कारण मला कळत नव्हतं. आता थोडं कळल्यासारखं वाटतं, पण तेही खरं की मनाचे खेळ, कोण जाणे.

सुमन शिवणकाम करायची. घाटकोपर पूर्वेला आमच्या सोसायटीच्या मागच्या गल्लीत जुनी चाळ आहे, तिथे तिची एक खोली. मूळची मालवणकडची. नवरा गिरणीत होता. गिरणी बंद पडली तसा तो घरी बसला आणि सुमन मशीनवर बसली. पुढे तो वारला, मुलगा नितीन मोठा होऊन कांदिवलीला राहायला गेला, पण ही काही मशीनवरून उठली नाही. माझी तिची ओळख झाली ती भांडणातून. मी नवीन लग्न होऊन वाशीमकडून आलेली, आणि हिने माझ्या ब्लाउजचा गळा मी सांगितला त्याच्यापेक्षा बोटभर वर घेतला. मी खोलीत जाऊन आवाज चढवला. ती म्हणाली, "गप रव. सासूसमोर वाकून वाढशील तेव्हा माझी आठवण येईल." आली खरंच. त्यानंतर तीस वर्षं माझे सगळे ब्लाउज तिनेच शिवले. एप्रिल उजाडला की बाकीच्यांचे कपडे बाजूला टाकून ती चौदा तारखेसाठी आमच्याकडच्या बायकांचे पांढरे ब्लाउज आधी काढायची. कोणी कुरकुर केली तर म्हणायची, "थांबा जरा, यांची दिवाळी आहे." मला मात्र छळायची. मी लॅबमध्ये काम करते, तर म्हणे, "माणसाला टोचल्याशिवाय तुका बरा वाटणा नाय."

आमच्या भागात एक रीत आहे. मालकांच्या घरीच राहून काम करणारी मुलगी असेल तर तिला दिवाळीला ड्रेस शिवतात. नवं कापड क्वचितच, बहुतेक बाईसाहेबांच्या जुन्या साडीचा. माप घ्यायला सुमनला वर बोलावणं यायचं. बाईसाहेब स्वतःच्या ब्लाउजसाठी खाली चाळीत यायच्या, पण मुलीला खाली पाठवायच्या नाहीत. हे सुमनच्या लक्षात आलं होतं, पण त्याचं पुढे काय करायचं ते कोणालाच सुचत नव्हतं. मग एकदा होळीच्या सुमारास ती अशाच एका मुलीचा ड्रेस हातात घेऊन माझ्या दारात उभी. म्हणाली, "वंदना, तुमच्या इस्पितळात एकोणीस वर्षांची बाई उंच होते काय गो?" मी म्हटलं नाही. "मग ही कशी झाली? दिवाळीत शिवलेली बाही दोन बोटं आखूड. कागदावर एकोणीस लिहिलंय. अगं, मोठी बाई रुंदावते, लांबत नाय!" मुलींचं वय सांगणारे कागद एजंट बनवून देतात, वर्षांचा आकडा हवा तसा टाकतात. पण बाही कुठे खोटी बोलते? त्या मुलीसाठी मी मुलांच्या हेल्पलाइनला फोन केला. लोक आले, पोलीस आले. मुलगी तेरा वर्षांची निघाली. गावात तिच्या आईला सांगितलं होतं की मुंबईत शाळेत घालतो. दोन वर्षं तिने आईचा आवाज ऐकला नव्हता.

त्या घरच्या बाई सोसायटीच्या गेटवर रडत होत्या, "आमच्या घरात ती मुलीसारखी होती." सुमन शांतपणे म्हणाली, "मुलीसारखी, तर मग शाळेत का नाय घातलीत?" झालं. अर्ध्या बिल्डिंगने तिच्याकडे कपडे टाकणं बंद केलं. सेक्रेटरी घरी येऊन सांगून गेले, बाई, तुम्ही ब्लाउज शिवा, समाजसेवा नको. पण जे तुटले त्यांच्याहून जास्त लोक जोडले गेले, हेही खरं. हंसाबेन आमच्या मजल्यावरची, खाखरे लाटून विकते, तिचं गिऱ्हाईक घाटकोपरभर. ती आली. मग गेटवरचे यादव, कुठला एजंट कोणत्या घरी जातो ते त्यांना ठाऊक. कोपऱ्यावरची भाजीवाली, कोणत्या घरातली मुलगी कधीच खाली उतरत नाही ते तिला ठाऊक. पाळणाघरवाल्या बाई, एक ड्रॉइंगचे मास्तर. आमची संस्था नव्हती, नाव नव्हतं, पाटी नव्हती. शनिवारी दुपारी सुमनच्या खोलीत, पलंगावर आणि खाली चटईवर दाटीवाटीने बसायचं. उठताना कोणाच्या ना कोणाच्या तळव्यात टाचणी घुसायची. पुढे मालाडहून, मुलुंडहून बायका येऊन विचारायला लागल्या, तुम्ही हे ओळखता कसं? "एकूण किती मुली सोडवल्या?" असं कोणी विचारलं की सुमनला राग यायचा. म्हणायची, "मुली आहेत त्या, बटणं नाय मोजायला."

आता बुधनीबद्दल लिहायला हवं. हे लिहिण्यासाठीच बसले आहे आणि इतका वेळ टाळते आहे.

बुधनी झारखंडची. दोन गल्ल्या सोडून एका नव्या टॉवरमध्ये नवव्या मजल्यावर कामाला होती. नवरा-बायको दोघं नोकरी करणारे, घरात जुळी मुलं. कागदावर बुधनीचं वय वीस. दिवाळीला सुमनने तिचं माप घेतलं. होळीला काहीतरी निमित्त काढून पुन्हा घेतलं. पुढच्या दिवाळीला तिसऱ्यांदा. बाही तेवढीच, उंची तेवढीच, कंबरसुद्धा तेवढीच. वर्षभरात एक सूतही फरक नाही. ड्रेस द्यायला आम्ही तिघी गेलो, हंसाबेनच्या हातात मिठाईचा डबा. बुधनी नवा ड्रेस घालून बाहेर आली. अंगाला अगदी बरोबर बसला होता. सुमनने खांदा चिमटीत धरून पाहिला, पाठ पाहिली, हातावरून हात फिरवला. "खाती है ना ठीक से?" असं तिने विचारलं, तर उत्तर मॅडमनेच दिलं, "हिला भूकच नसते हो." बुधनी जमिनीकडे बघत होती. आम्ही लिफ्टने खाली आलो आणि पार्किंगमधल्या स्कूटरींपाशी उभ्या राहिलो. कळवायचं की नाही? महिनाभर आधीच आमची मोठी फजिती झाली होती. नांदेडकडची एक ठेंगणी बाई, चांगली तेवीस वर्षांची, स्वतःच्या मर्जीने काम करणारी, आमच्या फोनमुळे तिची नोकरी गेली होती आणि तिने भर रस्त्यात आमचा उद्धार केला होता. त्यामुळे आम्ही तिघी जरा बिचकलेल्या होतो. तेव्हा आमच्यातली एक म्हणाली, "राहू दे. मोठी आहे ही. मापच सांगतंय." आणि आम्ही घरी गेलो.

दहा आठवड्यांनी बुधनी गॅलरीत कपडे वाळत घालताना कोसळली. आणली ती नेमकी माझ्याच इस्पितळात. तिचं रक्त मीच काढलं. पहिल्यांदा शीर सापडली नाही, दुसऱ्यांदाही नाही. इतक्या वर्षांत माझ्यावर अशी वेळ क्वचित आली असेल. डॉक्टरांना वयाची शंका आली, त्यांनी मनगटाचा एक्स-रे काढायला सांगितला. हाडं चौदाच्या आसपासची निघाली. मी त्यांना खुळ्यासारखं विचारलं, "पण सर, वर्षभरात ही जराही वाढली नाही, आम्ही माप घेतलंय." ते म्हणाले, "कशी वाढेल? खायला नको?" सुमनचं सगळं गणित पोट भरलेल्या मुलींवर बेतलेलं होतं. उपाशी मूल लांबतही नाही आणि रुंदावतही नाही. रोज माणसं पाहणारी मी, माझ्याही हे डोक्यात आलं नव्हतं.

त्या शनिवारी मी सुमनच्या खोलीत गेले. सगळे जमले होते. ती एका झग्याचा घेर टाचत होती, तोंडात ओठांमध्ये टाचण्या धरलेल्या. मी चपलाही न काढता सगळ्यांसमोर म्हटलं, "तू म्हणालीस राहू दे, मोठी आहे. तुझ्या शब्दावर आम्ही गप्प बसलो. दहा आठवडे, सुमन!" तिने एकेक करून टाचण्या तोंडातून काढल्या, डबीत ठेवल्या, झाकण लावलं. मग म्हणाली, "होय गो. माझीच चूक." बाकी काही नाही. मला आठवतं, मला बरं वाटलं होतं. कोणाची तरी चूक आहे हे ठरलं म्हणून बरं वाटलं होतं.

बुधनी आधी मुलींच्या आश्रमात गेली, मग वर्षभराने तिच्या गावाकडे. एजंट पकडला गेला, सुटला, पुढे काय झालं मला माहीत नाही. सुमनने मात्र आपली पद्धत बदलली. माप घ्यायला जाताना पिशवीत घरी वळलेले नाचणीचे लाडू न्यायची. आधी लाडू, मग माप. मुलगी लाडू कसा खाते ते बघायची. एका घासात संपवते, की अर्धा ओढणीत बांधून ठेवते, की आधी मालकिणीच्या तोंडाकडे बघते. त्यावरून कितीतरी मुली तिने नंतर ओळखल्या. आणि मी? मी तिची चूक सांगत फिरले. कांदिवलीच्या एका महिला मंडळात आम्हाला बोलायला बोलावलं होतं, तिथे मी माइक धरून सांगितलं, "एका चुकीच्या शब्दाने एक मूल दहा आठवडे जास्त उपाशी राहिलं, म्हणून सावध राहा." नाव घेतलं नाही, पण सुमन पहिल्या रांगेत बसली होती आणि सगळ्यांना कळलं होतं. ती मान हलवत ऐकत होती. परतताना रिक्षात म्हणाली, "बरी बोललीस." मला त्यात टोमणा वाटला नाही. तिने तो मारलाही नसावा.

ती गेल्यावर पंधरा-वीस दिवसांनी नितीनने मला आणि हंसाबेनला खोलीवर बोलावलं. लोकांचे अर्धवट कपडे ज्याचे त्याला परत करायचे होते आणि कोणतं कोणाचं हे आम्हालाच ओळखता आलं असतं. नितीन बाहेर फोनवर होता. आम्ही गठ्ठे सोडत होतो, माझा मोरपंखी ब्लाउजही त्यात निघाला, एका बाहीचा. मी सहज म्हटलं, "बिचारीने बुधनीचं फार मनाला लावून घेतलं होतं गं. एका शब्दासाठी सात वर्षं..." हंसाबेन म्हणाली, "कोणाच्या शब्दासाठी?" मी म्हटलं, सुमनच्या, ती नव्हती का म्हणाली राहू दे. हंसाबेनने चष्मा काढला. "अगं, ते तर तू बोलली होतीस." मी हसले. ती हसली नाही. "सुमन बोलत होती परत वर जाऊया, मला हिचा हात बरोबर नाय वाटला. तू बोलली, मी रोज हॉस्पिटलमध्ये पोरी बघते, मोठी आहे ही, मापच सांगतंय, राहू दे."

मी विचारलं, "मग इतकी वर्षं तू बोलली का नाहीस?" ती गोंधळली. म्हणाली, "मला वाटलं तुला माहीत आहे. मला वाटलं तुम्ही दोघींनी मिळून असं ठरवलंय."

त्या दिवसापासून मी तो पार्किंगमधला प्रसंग आठवायचा प्रयत्न करते आहे. स्कूटरी आठवतात. हंसाबेनच्या हातातला रिकामा डबा आठवतो. आणि "राहू दे" ऐकू येतं ते सुमनच्याच आवाजात, तोंडात टाचण्या असताना ती बोलायची तशा दबक्या आवाजात. पण पार्किंगमध्ये तिच्या तोंडात टाचण्या कुठून असणार? म्हणजे ही आठवण मी नंतर कधीतरी जुळवलेली आहे. मग हंसाबेनचं खरं? तिचं वय चौऱ्याहत्तर, ती गॅसवर दूध ठेवून विसरते. तिला मी पुन्हा विचारलं, तर म्हणाली, "असं वाटतं बाबा... आता तू एवढी विचारतेस तर मलाच समजत नाय." नळीवर नाव लिहिल्याशिवाय मी नळी हातावेगळी करत नाही, आणि आयुष्यातल्या या एका वाक्यावर कोणाचं नाव लिहायचं ते मला सांगता येत नाही. समजा मीच म्हणाले असेन, तर सुमनने "माझीच चूक" का म्हटलं? माप तिचं होतं म्हणून? सगळ्यांसमोर मला उघडं पाडायचं नव्हतं म्हणून? की तिलाही नक्की आठवत नव्हतं आणि कोणीतरी घ्यायलाच हवं म्हणून तिने अंगावर घेतलं? मला तिचा रागही येतो. मेलीने एकदा तरी भांडायचं होतं. माझ्याशी गळ्याच्या बोटभर कापडावरून भांडली, आणि यावरून नाही?

जाताना नितीनने आईचा मोबाइल माझ्यापुढे धरला. "मावशी, कळवायचं कोणाकोणाला ते बघतोय. ही 'बुधनी रविवार' कोण? दर रविवारी हिला फोन आहे." मला माहीत नव्हतं. हंसाबेनलाही नाही. सुमन बुधनीला फोन करते हे तिने आमच्यापैकी कोणालाच सांगितलं नव्हतं. नंबर घेऊन मी घरी आले, दोन दिवस नुसती बसले, मग लावला.

बुधनी आता एकवीस-बावीसची असेल. तिच्या गावाजवळ मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकघरात काम करते. सुमन गेल्याचं सांगितलं तेव्हा मागे भांड्यांचा आवाज येत होता. मग मी जे बोलायला फोन केला होता ते बोलले. माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं की त्या दिवशी आम्ही तिघी आलो होतो, खाली जाऊन "रहने दो" कोणीतरी म्हणालं, ते बहुतेक मी होते, सुमनमौसी नव्हती, पण मला नक्की आठवत नाही. हे सांगताना आतून वाटत होतं की ती काहीतरी म्हणेल. रागावेल किंवा जाऊ द्या म्हणेल, आणि त्यावरून मला कळेल.

ती म्हणाली, "दीदी, किसने बोला मुझे क्या मालूम. मैंने तो बस लिफ्ट का दरवाज़ा बंद होते सुना." मग म्हणाली, "मैंने थैली भर के रखी थी."

"कौन सी थैली?"

"कपड़ों की. नीचे वाली लड़की ने बताया था, सिलाई वाली मौसी आती है और ले जाती है. मैं शाम तक नया ड्रेस पहन के बैठी रही. सोचा, कुछ भूल गए होंगे, वापस आएँगे."

इतके दिवस मी एक वाक्य कोणाचं ते शोधत होते, आणि तिच्या बाजूला ते वाक्य पोचलंच नव्हतं. तिच्या बाजूला फक्त तीन बायका होत्या, मिठाई घेऊन आलेल्या आणि निघून गेलेल्या. सुमनला ही थैली माहीत होती का? मी विचारलं. बुधनी म्हणाली हो, आश्रमात असतानाच, पहिल्याच फोनवर सांगितलं होतं. म्हणजे सुमन हे ऐकून होती, आणि ऐकून कांदिवलीला पहिल्या रांगेत बसली होती. मग रविवारी तुम्ही बोलायचात काय, असं विचारलं, तर म्हणाली, "कुछ नहीं. मौसी पूछती थी, क्या खाया. मैं बताती थी. फिर फ़ोन रख देती थी."

पुढच्या रविवारी दुपारी मी फोन लावला. का लावला ते नीट सांगता येणार नाही. माफी मागायची होती, पण माझ्या वाट्याची किती आणि सुमनच्या वाट्याची किती, हे अजून ठरत नव्हतं. तिने उचलला. ती आपणहून म्हणाली, "भात, साग और एक अंडा." मग तिनेच विचारलं, "और दीदी, आपने?"

मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. ते मी तिला सांगितलं.